बाहेरच्या रंगकामाचे दर मागवताना

तीन कंत्राटदार तीन दर देतात, पण प्रत्येकाने वेगळंच काम धरलेलं असतं. मग तुलना होणार कशी? दर मागण्याआधी कामाचा एकच कागद स्वतः लिहा आणि तोच सगळ्यांना द्या.

१. सुटलेला जुना रंग खरवडणं, भिंत धुणं, भेगा भरणं. हे ठळक लिहा. स्वस्त दरात बहुतेकदा हेच गाळलेलं असतं आणि नंतर नव्या रंगाचे पापुद्रे निघतात.
२. प्राइमर, रंगाचे किती हात, रंगाचं कंपनीसह पूर्ण नाव.
३. परांची कोणाची?
४. मोजमापात खिडक्या-दारं धरायची की वजा करायची?

रंगाचे डबे सीलबंद आणायला सांगा, तुमच्यासमोरच उघडू द्या.

भिंतीत ओल असेल तर मात्र आधी गळती बंद करा. तोवर रंगाला हात लावू देऊ नका.