गेममधलं शहर उभारायचंय? आधी नागपूरचा महाल पायी फिरा

नागपूर, चंद्रपूर, अमरावतीकडची मुलंमुली मेसेज करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, गेममध्ये एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट व्हायचंय, ब्लेंडर शिकू की माया?" एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट म्हणजे गेममधली घरं, रस्ते, परिसर उभा करणारा; ब्लेंडर आणि माया ही त्यासाठीची थ्रीडी सॉफ्टवेअरं. ब्लेंडर शिका. फुकट आहे, आणि त्यात हात बसला की दुसरं सॉफ्टवेअर शिकायला फार वेळ लागत नाही. गाडी अडते ती पुढे. पोर्टफोलिओ उघडला की तोच किल्ला, तेच उंच मनोरे, तीच धुक्यातली संध्याकाळ. "हे शहर इथंच का वसलं?" असं विचारलं की समोरचा गप्प.

मी नागपुरात आर्किटेक्चर केलं आणि मग गेमच्या कामात आलो. फँटसी शहरं रचणाऱ्या टीममध्ये बसून जे कळलं ते सांगतो. खऱ्या शहराच्या कमानी आणि छपरं उचलण्याआधी ते शहर ज्या कारणांनी तसं झालं, ती कारणं उचला. पाणी कुठून येतं, पैसा कशातून येतो, भीती कोणाची आहे, ऊन किती आहे. आकार त्याच्या मागून येतात.

'डिसऑनर्ड' या २०१२ च्या गेममधलं डनवॉल बघा. लंडन आणि एडिनबरा डोळ्यांसमोर ठेवून ते बेतलं, हे पाहताक्षणी कळतं: नदी, धुराडी, काळवंडलेल्या विटा, एकमेकांना टेकलेली घरं. तेवढ्यावर थांबले असते तर जुन्या लंडनचा एक सेट तयार झाला असता. गेम बनवणाऱ्या अर्केन स्टुडिओची मंडळी तिथं थांबली नाहीत. युरोपात एके काळी व्हेल माशाच्या तेलावर दिवे जळायचे, हे खरं. त्यांनी ती एकच गोष्ट ताणली आणि अख्ख्या शहराची ऊर्जा व्हेलच्या तेलावर आणून ठेवली. दिवे त्यावर, यंत्रं त्यावर, पहाऱ्याची विजेची दारंसुद्धा त्यावर. मग व्हेल पकडणारी जहाजं आली, बंदराला वजन आलं, रस्त्यात तेलाच्या टाक्या आल्या, आणि तेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सत्ता आली. एका इंधनातून वस्त्या ठरत गेल्या.

दुसऱ्या भागातलं, म्हणजे २०१६ चं कार्नाका मला त्याहून आवडतं. दक्षिण युरोप आणि क्युबाच्या शहरांची त्यावर छाप आहे: उघडे सज्जे, फिके रंग, समुद्र. तिथं डोंगराच्या फटीतून जोराचा वारा शहरात शिरतो आणि त्यावर पवनचक्क्या चालतात. त्याच डोंगरात चांदीच्या खाणी आहेत. मग खाणीची धूळ कुठं जाणार? कामगारांच्या वस्तीत. श्रीमंत कुठं राहतात आणि गरीब कुठं, याचा निम्मा नकाशा तिथल्या वाऱ्यानं काढलाय. ज्यानं हा विचार केला त्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकतो.

डनवॉलच्या रचनेत व्हिक्टर अँटोनोव यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्म बल्गेरियातल्या सोफियाचा. २००४ च्या 'हाफ-लाइफ २' मधलं सिटी १७ सुद्धा त्यांनीच घडवलं, आणि त्यात पूर्व युरोपातली त्यांना अंगावरच्या कपड्यासारखी ठाऊक असलेली शहरं उतरली आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडची पोरं नागपुरात बसून नॉर्वेचं खेडं बनवतात. बनवा, मनाई नाही. पण उतरतं छप्पर तिथं बर्फ घसरावा म्हणून असतं, हे माहीत नसेल तर तेच छप्पर तुम्ही वाळवंटातल्या शहरावर चढवाल आणि मुलाखतीत समोरचा पहिलं बोट तिथंच ठेवेल.

आता आपल्या गावावर या. एक कागद घ्या आणि नाग नदी काढा. पहिला थर गोंडांचा. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या जोडून नगर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी इथं आणली, तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. आपण ज्याला गांधी गेट म्हणतो तो त्या तटाचा जुम्मा दरवाजा. दुसरा थर भोसल्यांचा: रघूजी आले, राजवाड्याभोवती महाल वाढला, सरदारांचे वाडे झाले, आणि इतवारी, बुधवारी, शनिवारी अशा वारांच्या नावांच्या पेठा रुळल्या. तिसरा थर नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरचा. टेकडी इंग्रजांच्या हाती गेली, तिथं त्यांची छावणी बसली आणि जुनं शहर त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलं. चौथा थर रेल्वेचा आणि गिरणीचा: १८६७ मध्ये नागपूरला गाडी आली, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

आता त्या कागदावरची सगळी नावं पुसून टाका. उरतं काय? तटाआड एक तलाव. एका घराण्याचा राजवाडा आणि त्याच्याहून जुन्या घराण्याचा पडत आलेला कोट, दोन्ही एकाच वस्तीत. वारांवर चालणारे बाजार. टेकडीवर परक्यांची छावणी, तिच्या पायथ्याशी नवीन रस्ते. एका बाजूला भोंगा वाजवणारी गिरणी. याहून चांगली फँटसी शहराची पाटी मला कुणी आयती दिलेली नाही. आता यातली एकच गोष्ट बदला आणि परिणाम शेवटपर्यंत ओढत न्या. समजा त्या तलावात पाण्याऐवजी दुसरंच काही साठवलंय. मग तटाचा दरवाजा तलावाच्या बाजूनं का, बांधाच्या चाव्या कोणाकडे, टेकडीवरच्यांना काय हवंय, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. पेठा खरोखरच आपापल्या वारीच उघडत असतील तर लेव्हल डिझायनरला, म्हणजे खेळाचे टप्पे रचणाऱ्याला, तुम्ही आख्खा खेळच दिलात. बख्त बुलंदचं नाव कुठंही न घेता हे सगळं जमतं.

आर्किटेक्चर करणाऱ्यांना सेकंड इयरला मेझर्ड ड्रॉइंग असतं; टेप घेऊन जुना वाडा मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. आम्ही तेव्हा शिव्या घालत मोजलं. गेममध्ये आल्यावर कळलं की आपण मोड्युलर किटच मोजत होतो. गेममधली इमारत सुट्या तुकड्यांतून उभी राहते: भिंतीचा तुकडा, कोपरा, खांब, तुळई, जिना. सगळे एका ठरलेल्या मापाच्या जाळीवर बसतात, म्हणून तेच तुकडे फिरवून गल्लीभर घरं उभी करता येतात. वाड्यात हे काम खण करतो. दोन खांबांमधलं अंतर ठरलं की ओसरी किती खणांची, चौकाभोवती किती, माडीवर किती, हे मोजून घर वाढतं. तेव्हा जोतं, खांब, खांबावरचं हस्त, तुळई, वरचा कडीपाट, चौकाकडे उतरणारं कौलारू छप्पर एवढे तुकडे नीट बनवले, कोरीव लाकडासाठी एक ट्रिम शीट (सगळ्या तुकड्यांवर वापरता येणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यांचं एकच चित्र) केली, की दहा वेगवेगळे वाडे निघतात. माझ्या पोर्टफोलिओतला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झाली तो भाग हाच होता. ड्रॅगन बघून कुणी काही बोललं नाही.

आणि ऊन विसरू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या गावात भिंत जाड का, खिडकी लहान का, गल्लीत दुपारीही सावली का, हे अंगावर घेऊन बघता येतं. लायटिंग शिकायला याहून स्वस्त शाळा नाही. फक्त बारा वाजता जाऊ नका बाप्पा, सकाळी सातला निघा आणि तर्री पोहे खाऊन परत या.

मापाबद्दल एक गोष्ट. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या २०१७ च्या झेल्डा गेमचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी गेमच्या नकाशावर क्योतोचा नकाशा ठेवून अंतरांचा अंदाज घेतला होता. ओळखीच्या शहरात कुठून कुठं जायला किती वेळ लागतो ते पायांना माहीत असतं म्हणून. तुम्ही गांधी गेट ते इतवारी चाला, घड्याळ लावा. मग ते अंतर गेममध्ये किती आखडावं लागतं ते ठरवा, कारण खेळणारा वीस मिनिटं नुसता चालणार नाही. दारं मात्र वाढवावी लागतात. वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून जावं लागतं. पात्राच्या पाठीमागून बघणारा कॅमेरा तिथं चौकटीत अडकतो. उलट कॅमेरा खाली आला की दाटी फायद्याची ठरते. २०२२ च्या 'स्ट्रे' मध्ये खेळणारा मांजर असतो, आणि त्या शहरामागं हाँगकाँगची कौलून वॉल्ड सिटी आहे: जेमतेम २.६ हेक्टरवर १९८७ मध्ये सुमारे ३३ हजार माणसं राहत होती, १९९३-९४ मध्ये ती पाडली. पाइप, वायरी, सज्जे, एसीची खोकी, माणसाला अडचण होणारं हे सगळं मांजराला रस्ता.

आपला देश गेममध्ये कसा दिसतो हेही बघून ठेवा. २०२१ च्या शेवटी आलेल्या 'फायनल फँटसी १४' च्या 'एंडवॉकर' भागात राड्झ-अ‍ॅट-हान नावाचं रंगीबेरंगी शहर आहे. भारताची छाया उघड आहे; जवळ मत्स्य नावाची माशासारखी जमात आहे, हत्तीच्या तोंडाची माणसं आहेत, आणि शहराचा रखवाला ड्रॅगन म्हणजे चक्क वृत्र. वेदातला पाणी अडवणारा वृत्र इथं लोकांची काळजी वाहतो, ही गंमत आपल्याला जास्त कळते. व्यापार आणि किमया यांवर जगणारं शहर असल्यामुळे ते रंग उगीच फासलेले वाटत नाहीत. 'गेनशिन इम्पॅक्ट' या गेममधला २०२२ चा सुमेरु हा प्रदेश मला अर्धाच पटला. प्रचंड झाडाभोवती वाढलेलं शहर सुरेख आहे, पण भारत, इराण, अरब जग आणि इजिप्त एकाच प्रदेशात कोंबलेत, आणि तिथली बहुतेक मुख्य पात्रं गोरीपान का, यावर टीका झाली ती रास्तच होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी २०२० मध्ये काढलेला 'राजी' जरूर खेळा; राजस्थानी आणि बालीच्या वास्तू त्यांनी एकत्र कशा बसवल्या ते थांबून थांबून बघण्यासारखं आहे.

हाच चष्मा स्वतःलाही लावा. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीवरून प्रेरणा घेऊन बांधलाय, पण आतून पोकळ आहे. त्या घुमटाखालची जागा, आवाज, प्रकाश अभ्यासावा असाच आहे. तीच आकृती उचलून राक्षसाची गुहा म्हणून वापराल तर लाखो माणसांच्या श्रद्धेच्या जागेवर पाय देता. चंद्रपूरच्या तटावरचं हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचं गोंड राजचिन्ह तसंच. गोंड समाज आजही आहे, ते चिन्ह लुटारूंच्या टोळीच्या झेंड्यावर नको. अशा ठिकाणी नक्षी सोडा आणि गोष्ट कशी चालते ते घ्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची मारबत बघा: काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गावाची इडापिडा एका पुतळ्यावर घालायची, गल्लीगल्लीतून ओरडत मिरवायची, बाहेर नेऊन जाळायची. पुतळा हुबेहूब घेऊ नका. वर्षातून एकदा आपलं वाईट वाहून नेणारं शहर, ठरलेला मार्ग, सोबत त्या वर्षीच्या राजकारणाची टर उडवणारे बडगे म्हणजे पुतळे, एवढं घेतलं तरी तुमच्या शहराला सण मिळतो, मुख्य रस्त्याला रुंदी मिळते आणि गावाबाहेर एक काळी पडलेली जागा मिळते.

कामाचं थोडक्यात. नागपुरात बसून स्टुडिओतली नोकरी क्वचित; पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादची तयारी ठेवा. बरंचसं काम परदेशी गेमचं आउटसोर्सिंग असतं आणि सुरुवातीला तुमच्या वाट्याला पिंपं, खोकी आणि गवत येईल. प्रवेश परीक्षा अशा: डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड, पदव्युत्तरसाठी सीड, आर्किटेक्चरसाठी नाटा. पण कागदापेक्षा पोर्टफोलिओ आधी उघडला जातो. त्यात आख्खं शहर टाकू नका. एक चौक टाका, त्याचा रेफरन्स बोर्ड (संदर्भाच्या फोटोंचा फलक), साधा ब्लॉकआउट (नुसत्या ठोकळ्यांचा कच्चा आराखडा), किटचे सुटे तुकडे आणि शेवटचा देखावा, आणि चार ओळीत शहराचं कारण. गेम बनवायचं अनरियल इंजिन हे सॉफ्टवेअर शिकायला पैसे लागत नाहीत. वाड्यात फोटो काढण्याआधी मालकांना विचारा. बहुतेक काकू चहाही देतात, आणि कुठल्या खोलीत पूर्वी काय होतं ते त्यांच्याकडून कळतं.

आर्ट टेस्ट, म्हणजे नोकरीआधी स्टुडिओ करून मागतो ते नमुन्याचं काम, आली तर किती दिवसांची, पैसे देणार का, आणि नाही निवडलं तर ती फाइल पोर्टफोलिओत टाकता येईल का, हे तिन्ही सुरुवातीलाच मेलवर विचारून घ्या. तिसऱ्याला नकार आला आणि टेस्ट पंधरा दिवसांची असेल, तर मी ती घेऊ नका म्हणेन.