रब्बीच्या पाण्याआधी मोटरचा हिशेब करून घ्या

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू 18 ते 21 दिवसांत मुकुटमुळे (जमिनीलगतच्या पेरातून फुटणारी मुख्य मुळं) फुटण्याच्या अवस्थेत येतो. हे पाणी चुकवून चालत नाही. गावातल्या सगळ्या मोटरी चालू होतात त्या याच दिवसांत, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो तो याच दिवसांत आणि रिवाइंडिंगच्या दुकानात रांग लागते तीही याच दिवसांत. दोष बहुतेक वेळा मोटरला दिला जातो. तो तिचा असतोच असं नाही.

5 एचपीची मोटर धरू. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणून 5 एचपी म्हणजे 3,730 वॅट. मोटरची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर तारेतून तिला साधारण 4,660 वॅट ओढावे लागतात. थ्री फेजचं सूत्र असं: वॅट = 1.732 × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटमधला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) 0.8 धरला, तर 415 व्होल्टला 8.1 अँपिअर येतात आणि 340 व्होल्टला जवळजवळ 9.9. वाढ पावणेदोन अँपिअरचीच दिसते, पण वाइंडिंग तापतं ते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे उष्णता जवळजवळ दीडपट. हिशेब ढोबळ आहे. तरी लाइट कमी दाबाने आली की मोटर का जळते, ते यातून कळतं.

आता प्रश्न असा की व्होल्टेज डीपीवरच कमी आहे, की तुमच्या केबलमध्ये मुरतंय? हे मोजायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या वाफ्यात उभं राहून चालू पेटीत हात घालू नका. आजूबाजूच्या मोटरी चालू असताना मीटरच्या पेटीत आणि विहिरीवरच्या स्टार्टरला, दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. टोंग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखं लावायचं मीटर) अँपिअर घ्या. दोन व्होल्टेजमधल्या फरकाला 1.4 × अँपिअरने भागलं की एका तारेचा रोध ओहममध्ये मिळतो. (हा 1.4 म्हणजे 1.732 गुणिले 0.8. स्टार्टरला कपॅसिटर, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारा डबा, असेल, तर साधारण 1.65 घ्या.)

समजा पेटीत 398, स्टार्टरला 379 आणि करंट 9 अँपिअर. 19 भागिले 12.6, म्हणजे 1.5 ओहम. 4 चौरस मिमी तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला 5 ओहमच्या आत असतो, म्हणजे 300 मीटरला दीड ओहम. हिशेब जुळला, केबल ठीक आहे, फक्त बारीक आहे. या बारीकपणाची किंमत 3 × 9 × 9 × 1.5, म्हणजे 364 वॅट. अर्धा एचपी जमीन तापवण्यात जातो! 10 चौरस मिमीची केबल टाकली, तर हाच आकडा 140 वॅटच्या आसपास येतो. पण स्टार्टरला 366 दिसले, तर उत्तर अडीच ओहम येतं. केबलचे दीड सोडून वरचा एक ओहम कुठून आला? टेप गुंडाळलेले जोड उघडा, बहुधा तिथेच सापडेल. तीन फेजच्या दोन-दोनच्या तिन्ही जोड्यांमधली व्होल्टेज एकसारखी नसतील, तर एखाद्याच फेजमध्ये घोळ आहे.

स्टार्टरचा काँटॅक्टही असाच तपासता येतो. मोटर चालू असताना त्याच फेजच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकात व्होल्टेज जवळजवळ शून्य यायला हवं. 2 व्होल्ट आले, तर 2 भागिले 9, म्हणजे 0.22 ओहम, आणि 2 गुणिले 9, म्हणजे 18 वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत. काँटॅक्ट काळा पडलेला असणारच. बदला.

चालू मोटरचे व्होल्ट भागिले अँपिअर केले की वाइंडिंगचा रोध मिळतो, असं काही जण सांगतात. ते चूक आहे, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करत असते. लाइट बंद करून, मोटरच्या तारा स्टार्टरपासून सोडवून तिन्ही जोड्या ओहमवर मोजा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. अर्थिंगशी रोध मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) 1 मेगाओहमच्या खाली असेल, तर मोटर पाण्यात सोडू नका.

5 एचपीला 2 केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर लावला, तर डीपीकडून येणाऱ्या केबलमधला करंट 8.1 वरून 6.8 अँपिअरवर येतो. मोटरचा स्वतःचा करंट तेवढाच राहतो, पण त्या केबलमधली उष्णता साधारण 30 टक्क्यांनी घटते.

आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरचा भाग) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरलाच ठेवा. सारखी ट्रिप होते म्हणून स्टार्टरमध्ये काडी खोचलेली असेल, तर ती आजच काढा.