तोरणमाळला गाडी घेऊन येताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की शहाद्यात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता सुरू होतो. पुण्याचे, नाशिकचे, सुरतेचे. सगळ्यांना सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ बघायचं असतं, नंदुरबारची मिरची न्यायची असते, आणि जमलं तर सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्राही करायची असते, हे सगळं दोन दिवसांत. चुकाही दरवर्षी त्याच. तोंडाने सांगून थकलो, म्हणून लिहून ठेवतोय.

सगळ्यात मोठी चूक घाटातली. शहादा ते तोरणमाळ ५०-५५ किलोमीटर. आकडा ऐकला की माणूस म्हणतो, तासाभरात पोचू. राणीपूरपर्यंत रस्ता सरळ आहे, पण तिथून सातपुडा लागतो आणि सातपायरी घाटात वळणावर वळण. वर जाताना सगळे सांभाळून चालवतात. घात होतो तो उतरताना.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात भाचा आला होता, नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन. मी शेजारी बसलो होतो. यशवंत तलाव, सीताखाई बघून आम्ही चारच्या सुमारास निघालो. गाडी डी वर, म्हणजे ड्राइव्हवर, आणि याचा पाय पहिल्या वळणापासून ब्रेकवर. "अरे, गिअर खाली घे," मी दोनदा म्हणालो. "ऑटोमॅटिक आहे मामा, ती बघते." चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास आला, रबर आणि लोखंड एकत्र तापल्यासारखा. समोरून माणसांनी भरलेली जीप चढत होती. भाच्याने ब्रेक दाबला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "मामा, पेडल पार खाली जातंय!" मी हँडब्रेक हळूहळू ओढला, त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि चाक दगडाला टेकून गाडी थांबली. पुढच्या चाकातून धूर येत होता. तो पाण्याची बाटली घेऊन धावला, मी हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, तडकतेसुद्धा. पाऊण तास तसेच बसून राहिलो. मग एल, म्हणजे लो गिअरवर टाकून, ब्रेक मधूनमधून टेकवत खाली आलो. त्याने वाटेत एक शब्द काढला नाही.

माझी सवय साधी आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड. ब्रेक दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, सतत पाय ठेवून बसायचं नाही. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांच्या गाडीत मी बसत नाही. आजच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनचं इंधन आपोआप तुटतं, न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे वाचत काही नाही आणि गिअरमध्ये इंजिन गाडीला जे रोखून धरतं, तेही जातं. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्याचाही नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचं, हॉर्न वाजवत तिला मागे रेटायचं नाही.

दुसरी चूक मोबाईलच्या नकाशाची. सहा किलोमीटर वाचतात म्हणून तो शेताशिवारातला गाडरस्ता दाखवतो. उन्हाळ्यात जाल निभावून. अवकाळीची एक सर पडली की आमची काळी माती चाकाला पोळीच्या कणकेसारखी चिकटते, मडगार्ड भरतं आणि चाक फिरेनासं होतं. गेल्या वर्षी पाहुण्यांची एक गाडी अशीच ऊसाच्या शेताकडेला बसली. ट्रॅक्टरवाला थांबला, खाली उतरून बघितलं आणि अहिराणीत एवढंच म्हणाला, "भाऊ, मोबाईलले ईचारतस, मानूसले काब्र नहीं ईचारतस?" दोर लावून बाहेर काढलं, पैसेही घेतले नाहीत. शॉर्टकट शोधणाऱ्यांना मी हेच सांगतो, फाट्यावरच्या टपरीवर चहा घ्या आणि रस्ता विचारा.

गळीत हंगामात ऊसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, मागे दिवा असेलच असं नाही. घाईने ओव्हरटेक करू नका. समोरून गाडी आली म्हणून डांबर सोडून दोन चाकं पूर्ण खाली उतरवू नका, साइडपट्टी मऊ असते. घाट अंधार पडायच्या आत उतरा. पेट्रोल शहाद्यातच भरा. सुटे पैसे जवळ ठेवा, वर मोबाईलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

आता मिरची. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. लोक गाडी थांबवतात आणि बूट घालून सरळ आत शिरतात, फोटोला. ते कुणाचं तरी पीक आहे. देठ खुडणाऱ्या बायका उन्हात तिथेच बसलेल्या असतात, त्यांच्या डोळ्यांदेखत आपण मिरची तुडवतो. आधी विचारा, कडेला उभं राहा. विकत घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. मिरची कानाशी धरून हलवा, बी खुळखुळलं पाहिजे. दुमडली तर तडकली पाहिजे, चामड्यासारखी वाकली तर ओलावा आहे आणि घरी जाऊन बुरशी धरेल. उघडी पिशवी गाडीत पोरांच्या सीटमागे ठेवू नका, वाटभर खोकतील. तोंड बांधून डिकीत टाका.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात आलात तर तो सणाच्या खरेदीचा बाजार आहे, हे लक्षात असू द्या. आदिवासी बायकांचे न विचारता फोटो काढू नका, आणि तिथे नवरा-बायको निवडतात असलं ऐकीव मुलांना सांगू नका. सारंगखेड्यात दत्तजयंतीच्या यात्रेला घोड्याच्या मागून जाऊ नका, घ्यायचा नसेल तर भावही करू नका.

भरिताची वांगी न्यायची असतील तर निघायच्या दिवशी सकाळी घ्या. देठ हिरवा हवा आणि आकाराच्या मानाने वांगं हलकं लागलं पाहिजे, जड असलं की आत बी भरलेलं असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतं, कागदात गुंडाळा.