उरलेले हायड्रोकार्बन पुन्हा क्रॅकरमध्ये वापरताना

स्टीम क्रॅकरमधून, म्हणजे वाफेसोबत तापवून हायड्रोकार्बनचे रेणू फोडणाऱ्या भट्टीच्या संयंत्रातून, इथिलीन आणि प्रोपिलीन वेगळे केल्यावर उरणारे प्रवाह इंधन म्हणून जाळण्याऐवजी पुन्हा फीड (कच्चा माल) म्हणून वापरता येतात. मात्र कोणता प्रवाह कितपत उपयोगी ठरेल हे त्यातील रेणूंच्या रचनेवर अवलंबून असल्याने कामाची सुरुवात प्रयोगशाळेतून करावी.

इथेनचे प्रकरण सोपे आहे. विभाजक स्तंभाच्या तळाशी मिळणारे इथेन कोणत्याही प्रक्रियेविना परत पाठवता येते, पण त्यासाठी स्वतंत्र भट्टी असलेली बरी, कारण इथेनला वजनाच्या सुमारे ०.३ पट वाफ पुरते, तर नॅफ्थाला (खनिज तेलाचा हलका द्रव भाग) साधारण ०.५ पट लागते.

चार कार्बनी प्रवाहाला मात्र घाई चालत नाही. आधी ब्युटाडाईन काढावे, मग आयसोब्युटीनची मिथेनॉलशी अभिक्रिया करून एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल इथर) करावे आणि उरलेल्या ब्युटीनचे हायड्रोजनीकरण करून मिळणारे नॉर्मल ब्युटेन भट्टीला द्यावे. आयसोब्युटीन तसेच राहू दिले, तर त्याचे आयसोब्युटेन होते आणि त्यातून इथिलीन फारच थोडे मिळते. एमटीबीई युनिटमधून आलेला प्रवाह पाण्याने धुऊन त्यातील मिथेनॉल काढणेही आवश्यक आहे.

पायरोलिसिस गॅसोलीन, म्हणजे क्रॅकरमधून मिळणारा पेट्रोलसारखा द्रव, हा खरा कसोटीचा विषय आहे. कच्चा नमुना काचेच्या बाटलीत काही दिवस ठेवला, तर त्याचा रंग गडद होतो आणि तळाशी डिंकासारखा थर दिसू लागतो. भट्टीच्या कन्व्हेक्शन विभागात (जिथे फीड आधी तापवले जाते) डायओलेफिन, म्हणजे दोन दुहेरी बंध असलेले रेणू, नेमके हेच करतात, फक्त कितीतरी वेगाने. म्हणून पहिल्या टप्प्यात पॅलेडियम किंवा निकेल उत्प्रेरकावर डायओलेफिन आणि दुसऱ्या टप्प्यात कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर उरलेले ओलेफिन (एक दुहेरी बंध असलेले रेणू) व गंधक संपवावे. त्यानंतर अॅरोमॅटिक (बेंझिनसारखी कडी असलेली संयुगे) काढून घ्यावेत, कारण बेंझिनचे कडे भट्टीत फुटत नाही, उलट कोक (नळ्यांत साचणारा कार्बनचा थर) वाढवते. राहिलेला द्रव, म्हणजे रॅफिनेट, फीडमध्ये मिसळावा.

नवा प्रवाह आरंभी अल्प प्रमाणात द्यावा आणि कॉइलमधील (भट्टीतील नळ्यांमधील) दाबघट व नळ्यांच्या पृष्ठभागाचे तापमान रोज नोंदवावे. हायड्रोजनीकरण झालेल्या फीडमध्ये गंधक जवळपास नसते, हे पुष्कळदा विसरले जाते. अशा वेळी नळ्यांच्या धातूवर संरक्षक थर देणाऱ्या डायमिथाइल डायसल्फाइड या गंधकयुक्त द्रवाची मात्रा वाढवली नाही, तर नळ्यांचा धातू उघडा पडून कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि पुढच्या अॅसिटिलीन कन्व्हर्टरमधील (वायूतील अॅसिटिलीनचे हायड्रोजनीकरण करणारे पात्र) उत्प्रेरक मंदावतो.