इस्लामच्या तासाला तात्त्विक चर्चा घेताय? या चुका टाळा

चर्चा फसते ती बहुधा पहिल्याच प्रश्नावर. 'नशिबावर विश्वास ठेवायला हवा ना?' असं विचारलं की शिक्षकांना काय हवंय ते मुलं लगेच ओळखतात आणि तास संपेपर्यंत तेच परत करतात. ज्याचं उत्तर आपलं ठरलेलं आहे ते सरळ शिकवावं, चर्चेला ठेवू नये.

हातात मजकूर न देता बोलायला लावणं, ही त्याहून मोठी चूक. मग नुसत्या गप्पा होतात. नियती हाच विषय असेल तर हदीसमधला (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातला) उमरांचा प्रसंग वाचायला द्या. इ.स. 638-39 च्या सुमारास खलिफा उमर शामकडे, म्हणजे सीरियाच्या प्रदेशाकडे, निघाले होते. वाटेत सर्ग नावाच्या ठिकाणी कळलं, की पुढे साथ पसरली आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतायचं ठरवलं, तेव्हा तिथले सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, 'अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता?' उमर म्हणाले, होय, अल्लाहच्याच एका निर्णयाकडून दुसऱ्या निर्णयाकडे. दरीचा एक उतार हिरवा, दुसरा उजाड. उंट कुठेही चारले तरी ते त्याच्याच निर्णयाने ना?

वाचून झालं की प्रश्न मुलांनाच काढू द्या. सगळं ठरलेलंच असेल तर सल्ला कशाला घेतला? या उत्तराने अबू उबैदांची शंका खरंच फिटते का? या दुसऱ्या प्रश्नावर घाई करू नका. खरा तास तिथेच आहे.

नमाजाच्या रकाती (आवर्तनं) किती, जकात (सक्तीचं दान) कुणाला लागू, हे मात्र मतावर सोडायचे प्रश्न नव्हेत. ते पुस्तक उघडून पाहायचे.

'इस्लाम असं म्हणतो' एवढ्यावर थांबणंही चूकच. चांगलं हे अल्लाहच्या आज्ञेमुळे चांगलं ठरतं, की मुळातच चांगलं असतं, यावर अशअरी आणि मुअतझिला या इस्लामी धर्मविचाराच्या दोन पंथांत टोकाचे मतभेद होते. धर्मपंडित गझालींनी तत्त्ववेत्त्यांवर घेतलेल्या आक्षेपांना तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी बाराव्या शतकात एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिलं. दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवा. आणि वर्गातल्या मुस्लिम मुलाला 'तुमच्यात काय मानतात?' असं कृपा करून विचारू नका. तो तिथे विद्यार्थी आहे, प्रवक्ता नाही.

सगळे गप्प बसले, तर आपणच उत्तर देऊन मोकळं होऊ नका. दोन मिनिटं लिहू द्या, मग जोडीत बोलू द्या. प्रश्न विचारला तर श्रद्धा कमी दिसेल, या भीतीने एखादं मूल अडलं असेल तर कुराणातल्या सूरा अल-बकरा या अध्यायातली 260 वी आयत वाचा. मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव, असं पैगंबर इब्राहिम अल्लाहला विचारतात. 'विश्वास नाही का?' या अल्लाहच्या प्रश्नावर ते म्हणतात, आहे, पण मनाचं समाधान हवंय.