मोळी, पेंडी, चवड : समूहाचे इंग्रजी शब्द पोरांना कसे शिकवायचे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला घरच्या सोप्यात मी शिकवणी घेतो. मराठी शाळेची पोरं, इंग्रजीला भिणारी. व्याकरणाच्या पुस्तकात समूहवाचक नामांची यादी असते, ती पोरं पाढ्यासारखी म्हणतात आणि आठवड्यात विसरतात. मीही विसरलो होतो. आठवीत रजेच्या अर्जात 'घरी पाहुण्यांचा घोळका आलाय' असं लिहायचं होतं. मी 'अ हर्ड ऑफ गेस्ट्स' लिहिलं. हर्ड म्हणजे गुरांचा कळप. सरांनी अर्ज वर्गात मोठ्यानं वाचला. रजा मिळाली, पण वर्षभर पोरं माझ्या पाहुण्यांना वैरण विचारत होती.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि पोरांना आठवडी बाजारात घेऊन जा. वस्तू दिसली की आधी मराठी शब्द विचारा, मग एकच प्रश्न: हे एकत्र कशानं धरलंय?

मेथीची पेंडी हातात घ्या. देठाशी बांधलेली, मुठीत मावणारी. हा बंच. किल्ल्यांचा जुडगा बंच, अथणीकडच्या द्राक्षांचा घोसही बंच, कारण सगळं एका टोकाला अडकलेलं. आता भाताची पेंडी बघा. आपल्याकडे शब्द तोच, पण इंग्रजीत ती शीफ होते: लांब काड्या एका दिशेनं लावून मधोमध आवळलेल्या. कागदांची चळतही आडवी हातात धरली की शीफ. लाकडाची मोळी म्हणजे बंडल. हा शब्द शिकवावाच लागत नाही. निपाणीकडं घरोघरी बायका विड्या वळतात, 25 विड्या दोऱ्यानं बांधल्या की बंडल, हे पोरांना आपोआप ठाऊक असतं. तेच बंडल दाबून, घट्ट आवळून मोठं केलं की बेल. कापसाची गाठ ती बेल, आपल्या देशात एक गाठ 170 किलोची धरतात.

केळीवाल्यापाशी जरा जास्त वेळ थांबा. झाडावरून उतरवलेला अख्खा घड म्हणजे बंच. त्यातली एक फणी म्हणजे हँड, आणि सुटं केळं म्हणजे फिंगर! हात आणि बोट. केळीच्या व्यापारात हे शब्द खरेच चालतात. पोरांना हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. साध्या बोलण्यात मात्र चार-सहा केळ्यांच्या फणीलाही बंचच म्हणतात, तेही सांगून टाका.

न बांधलेल्या वस्तूंना दुसरा प्रश्न: रचलंय की ओतलंय? बटाटे पोत्यातून ओतले की ढीग, तो हीप. भाकरीची चवड एकावर एक रचलेली, ती स्टॅक. गवताची गंजीही स्टॅकच. पाइल या दोन्हींच्या मधला, कसाही चालतो. घरी आईला विचारून या म्हणावं, धुतलेले कपडे घड्या घालून ठेवते की तसेच टाकते. उत्तरावरून शब्द ठरतो (आणि घरातली शिस्तही कळते).

जनावरांत मराठीची गाठ वेगळी आहे. आपण मेंढरांनाही कळप म्हणतो, गुरांनाही. पाखरांना थवा. इंग्रज मेंढरं आणि पाखरं दोन्हींना फ्लॉक म्हणतो, गुरांना आणि आमच्या रानातल्या हत्तींना हर्ड. उठलेल्या मधमाश्या स्वार्म, कोल्हेकुत्री पॅक. सिंहांचा प्राइड वगैरे नावं 1486 साली इंग्लंडात छापलेल्या शिकारीच्या पुस्तकात आहेत. त्यातली बरीच गंमत म्हणून रचलेली दिसतात. ती पाठ करण्यात पोरांचा वेळ घालवू नका. माणसांना ग्रुप, क्राउड. खवळलेल्या जमावाला मॉब. हर्ड नाही, माझ्यावरनं शिका.

कात्रीचं काय? ती एकच, तरी इंग्रजीत 'अ पेअर ऑफ सिझर्स'. दोन पाती एका खिळ्यानं जोडली म्हणून जोडी. पँटचंही तसंच, पाय दोन.

शेवटी क्रियापद. किल्ल्या दहा असल्या तरी 'अ बंच ऑफ कीज इज', कारण बोलतोय जुडग्याबद्दल. कमिटीचं जरा नाजूक आहे. ती एका तोंडानं बोलली तर इज, सभासद आपसात भांडत असले तर आर. आमच्या भागात समिती म्हटलं की एकच डोळ्यासमोर येते, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी एकीकरण समिती. मागच्या बाकावरचा एक पोरगा हात वर करून म्हणाला,

"सर, समितीत दोन गट पडले की आर लावायचं काय हो?"

व्याकरणानं होय, म्हटलं. परीक्षेत मात्र इजच लिही.