जबरी चोरीच्या खटल्यात या चुका टाळा

मालवणकडच्या एका खटल्यात मासे विकणारी बाई साक्षीला उभी होती. भाद्रपदातली पावसाळी रात्र, दिवसभराच्या विक्रीचे पैसे कनवटीला. वाटेत दोघांनी कोयता दाखवून ते काढून घेतले होते. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "रस्त्यावर दिवा होता का?"

"होतो मा! तेच्या उजेडातच तोंड दिसला."

बाई खरं बोलत होती. मी फिर्यादीच्या बाजूने काम पाहत होतो आणि तो खांब मी स्वतः पाहिलेला. पण घटनास्थळ पंचनाम्यात खांब नाही, दिवा नाही, अंतर नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. ती सल अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

गुन्हा रात्रीचा असेल तर उजेड कशाचा होता, तो किती पावलांवर होता, वीज गेली होती का, हे फिर्यादीत आणि पंचनाम्यात पहिल्याच दिवशी आलं पाहिजे. कोर्टात पहिल्यांदा सांगितलेली महत्त्वाची गोष्ट 'मागाहून सुचलेली' ठरते.

सगळ्यात जास्त खटले ओळखीवर पडतात. आरोपी अनोळखी असला की ओळख परेड लागते, म्हणजे रांगेत उभ्या माणसांतून फिर्यादीने आरोपी ओळखून दाखवायचा. ती नायब तहसीलदारांसारखे कार्यकारी दंडाधिकारी घेतात, आणि एका आरोपीसोबत त्याच्याच वयाची, बांध्याची निदान पाच-सहा माणसं उभी करावी लागतात. इथे घात करतो तो मोबाइल. पकडल्याबरोबर कुणीतरी फोटो फिर्यादीला पाठवतो, "हाच का बघा". किंवा फिर्यादी ठाण्यात गेलेला असताना आरोपी बाकावर समोरच बसलेला असतो. त्यानंतरच्या परेडला काडीची किंमत उरत नाही. फिर्यादीच्या घरच्यांनाही माझं कळकळीचं सांगणं: गावच्या ग्रुपवर आलेला संशयिताचा फोटो त्याला दाखवू नका. हेल्मेट किंवा रेनकोटची टोपी असेल, तर चेहऱ्याचा कुठला भाग दिसला तेवढाच सांगावा.

दुसरी गफलत मुद्देमालाची. आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात येत नाही. त्याच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडली, तेवढ्यापुरतंच त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. ती वस्तू सुरूच्या बनात, कुणीही येईल-जाईल अशा जागी उघड्यावर मिळाली तर पुरावा लंगडा पडतो. चोरीनंतर लगेच आरोपीच्या ताब्यात मिळाली, तर मात्र न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. मंगळसूत्र "माझंच" म्हणून भागत नाही. एका वाटीला पोचा आहे, मणी तुटले तेव्हा मधे काळ्या दोऱ्याची गाठ मारली होती, अशी खूण फिर्यादीत हवी. सराफाची पावती असली तर उत्तमच. पंच त्याच भागातले घ्यावेत. दर पंचनाम्याला तोच माणूस दिसला की उलटतपासणीत तो टिकत नाही. आता झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे.

कलमाची चूकही महागात पडते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. नुसतं हिसकावून पळणं कलम ३०४ मध्ये बसतं, तिथे शिक्षा ३ वर्षांपर्यंत. जबरी चोरी कलम ३०९ मध्ये, १० वर्षांपर्यंत, आणि महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय यांदरम्यान घडली तर १४ वर्षांपर्यंत. फरक पडतो तो चोरीसाठी केलेल्या इजेने किंवा तात्काळ इजेच्या धाकाने. म्हणून मानेवरचा ओरखडा लहान असला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून दाखला घ्यावा. "कोयता मानेला लावला" हे शब्दही फिर्यादीत हवेत, "धमकी दिली" एवढ्याने धाक दिसत नाही.

राहिला सीसीटीव्ही. रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं, तेव्हा ते जपून ठेवायला दुकानदाराला त्याच दिवशी सांगावं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत घ्यावं. त्याचे दोन भाग असतात: एक यंत्र सांभाळणाऱ्याच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या. पेनड्राइव्ह आहे आणि प्रमाणपत्र नाही, अशी फाइल आली की सरकारी वकिलांचे हात बांधलेले असतात.